न दिसणाऱ्यांची पंगत

महाविद्यालयाच्या स्मरणिकेत सरांवर दीड पान छापून आले आहे. लिहिणारे गृहस्थ आज प्राचार्य आहेत. विद्यार्थी असताना त्यांना ट्रेमधला बेडूक धरवत नसे. तो मी धरून देत असे आणि ते तोंड फिरवून उभे राहत. त्यांनी आता असे लिहिले आहे की निवृत्तीनंतर सरांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, ते शेतावरच्या गोदामात रिकाम्या टाक्यांना खाऊ घालत, रात्री-अपरात्री पाण्याशी बोलत, आणि 'त्यांचा एक जुना शिपाई' त्यांच्या वेडाला साथ देत असे. शिपाई मी नव्हे. तेहतीस वर्षे मी सरांच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो आणि विभागातल्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना माझ्याखेरीज कोणी हात लावत नसे. सर पाण्याशी बोलत, हे खरे. पण दिवसाढवळ्या, मोठ्याने, कोण ऐकतो आहे याची पर्वा न करता बोलत.

दुसरी हकिकत त्यांच्या भाच्याची. तो अमरावतीला वकिली करतो आणि जेवणाच्या ताटावरही साक्ष नोंदवावी तसा बोलतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ऐन वेळी मी दुपारची झोप काढत होतो, म्हणून सगळा नाश झाला. मी झोपलो नव्हतो. झोपलो असतो तर आज मला हे लिहिणे सोपे गेले असते.

तिसरी हकिकत गावाची. गाव म्हणते, सर मेलेल्यांना जेवू घालत. या तिन्हींपैकी गावाची हकिकत सत्याला सर्वांत जवळची आहे, हे लिहिताना मला आनंद होत नाही. आयुष्यभर मी अशा गोष्टींवर हसत आलो.

अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना पूर्णा नदीच्या अलीकडे खारपाणपट्टा लागतो. तिथले पाणी जमिनीतूनच खारे येते. त्याने डाळ शिजत नाही, चहात दूध घातले की फाटते, आणि नव्या सुनेला पहिले वर्षभर घशाला कोरड पडल्यासारखे वाटत राहते. सरांची वडिलोपार्जित चार एकर तिथे होती आणि शेताच्या कडेला सरकी ठेवण्याचे जुने गोदाम होते. निवृत्त झाल्यावर लोक पुण्याला मुलांकडे जातात. सरांनी लग्न केलेले नव्हते, त्यामुळे जाण्याजोगे पुणे त्यांना नव्हते. ते या गोदामात राहायला गेले आणि आठ दिवसांनी मला बोलावणे आले.

"हे पाणी समुद्राचं आहे," ते मला म्हणाले. "समुद्र निघून गेला, पाणी न्यायचं विसरला."

भूगर्भशास्त्राला हे मान्य नाही, असे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. ते म्हणाले, "शास्त्राला विचारून पाणी खारं झालं नाही." मग त्यांनी बेत सांगितला. समुद्रकाठच्या चिखलात राहणारा मोठा, हिरवट खेकडा असतो. त्याची पिल्ले या पाण्यात, वऱ्हाडात, अंड्यापासून खेकडा होईपर्यंत वाढवायची.

"किती खेकडे, सर?"

"एक. दोन झाले की तो धंदा होईल."

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे मला कळून चुकले की हा आकडा त्यांनी नीट विचार करून ठरवलेला होता. त्यांना जगाला काही दाखवायचे नव्हते. या पाण्यात एक जीव आपल्या पायांवर चालताना त्यांना स्वतःला पाहायचा होता, आणि डोळे तोवर टिकतील की नाही याची धास्ती होती. उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेल्यात जमा होता. डाव्यात मोतीबिंदू उतरत होता.

अंडी धरलेली मादी कोकणातून रेल्वेने येई. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, नांग्या सुतळीने बांधलेल्या, पोटाखाली नारिंगी अंड्यांचा लगदा. सर तिला घ्यायला स्वतः अकोला स्टेशनवर जात आणि ऑटोमध्ये मांडीवर घेऊन बसत. अशा तीन आल्या. पहिल्या दोघींची पिल्ले पाच-सहा दिवसांत संपली. सर मात्र 'मेली' हा शब्द कधी उच्चारत नसत. 'कमी झाली' म्हणत. सगळी गेली तरी म्हणत, "आज बरीच कमी झाली."

अंड्यातून खेकडा निघतो, अशी प्राचार्यांचीही समजूत असावी. अंड्यातून निघते ते खसखशीच्या दाण्याहून लहान, काचेसारखे पारदर्शक, डोक्यावर काटा असलेले एक स्वल्पविरामासारखे काहीतरी. त्याचे दिसतात ते फक्त डोळे. दोन काळे ठिपके. पाच वेळा कात टाकल्यावर त्याला नांग्या फुटतात आणि आणखी एकदा टाकली की तो खेकडा होतो. तोवर त्याला खायला जिवंतच लागते, आणि तेही त्याच्या तोंडाहून लहान. म्हणून एका टाकीत हिरवे शेवाळ वाढवायचे, त्यावर रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव पोसायचे आणि ते पिल्लांना घालायचे. पिल्ले जरा वाढली की आर्टेमिया. त्याची अंडी डब्यात कोरड्या भुकटीसारखी येतात. खाऱ्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की दीड दिवसात शेंदरी रंगाचे जीव वळवळू लागतात. "आपण खेकडे पाळतच नाही," सर म्हणत, "त्यांचं जेवण पाळतो, अन् जेवणाचं जेवण." थेंबात किती जीव आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे हे माझे काम. ते चुकले की उपास किंवा अजीर्ण.

आता हे गावाला खिडकीतून कसे दिसत असेल, ते पाहा. आतून काळा रंग दिलेली टाकी. तिच्यात स्वच्छ पाणी. एक पांढऱ्या केसांचा मनुष्य दुसऱ्या बादलीतून तसलेच स्वच्छ पाणी मगाने हळूहळू त्या टाकीत सोडतो आहे आणि लग्नाच्या पंगतीत यजमानाने म्हणावे तसे वाकून म्हणतो आहे, "सावकाश होऊ द्या." समोर कोणी नाही.

जिभेने पाणी चाखून ते त्याचा खारेपणा सांगत. मी उपकरणाने तपासत असे आणि त्यांचा अंदाज एका अंशाने चुकला की मला समाधान वाटे. ते समाधान फार वेळा मिळाले नाही. आमच्या पाण्यात मीठ होते पण पोटॅश कमी होते, आणि त्यावाचून पिल्लांचे अंग आखडते, हे त्यांनी दुसऱ्या मादीच्या वेळी शोधून काढले. त्यासाठी कृषी केंद्रातून खताचे पोते आणले. दुकानदाराने विचारले, "सर, पोटॅश कायले?"

"पाण्याले."

"पाण्यात काय पेरलं मंग?"

"डोळे."

दुकानदाराने पोते दिले. पण पुढच्या वेळी सर गेले तेव्हा त्याने ते आपल्या हातांनी उचलून ऑटोत ठेवले आणि दोन पावले मागे सरकून उभा राहिला.

तिसऱ्या मादीची पिल्ले निघाली ती पितृपक्षाच्या तोंडावर. आम्ही त्यांना सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला वाढत होतो. ती खात नव्हती. तळाशी बसून राहत. मग भलत्याच वेळी सगळी एकदम वर येत, पाण्याच्या पृष्ठभागाशी दाटी करून थांबत आणि तासाभराने पुन्हा खाली जात. सरांनी दोन दिवस वेळा टिपल्या. ही वर येण्याची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकत होती.

"भरतीची वेळ," ते म्हणाले.

"कुठली भरती, सर? समुद्र इथून पाचशे किलोमीटर आहे."

त्यांनी मला गोदामामागच्या जुन्या बोअरपाशी नेले. पाइपात दोऱ्याला बांधून एक पोकळ डबी पाण्यावर तरंगत सोडलेली होती. दोरा कप्पीवरून बाहेर आणून त्याला खिळा लावला होता आणि मागे शाळेची लाकडी पट्टी उभी ठोकली होती. "बस इथं घड्याळ घेऊन," म्हणाले. मी बसलो; त्यांना खोटे पाडण्यासाठी तीन दिवस बसलो. खिळा दिवसातून दोनदा अर्धे बोट सरकत होता. दर खेपेला मी घड्याळ पाहून आत धावत गेलो आणि दर खेपेला पिल्ले वर आलेली होती.

चंद्र समुद्राप्रमाणे जमिनीलाही ओढतो आणि खोल बोअरमधले पाणी त्याने हलते, याला शास्त्र आहे. मी नंतर वाचून खात्री केली. पण बंद खोलीतल्या, काळ्या टाकीतल्या, समुद्र कधीही न पाहिलेल्या पिल्लांना ते कसे कळत होते, याला असलेले शास्त्र मला कोणी सांगितलेले नाही. प्राचार्यांनी सांगावे.

त्या दिवसापासून वाढण्याची वेळ रोज पन्नास मिनिटांनी पुढे जाऊ लागली आणि सरांचे स्वतःचे जेवणही. पिल्लांच्या आधी ते घास तोंडात घालत नसत. एकदा भाचा आला तेव्हा पाने चार वाजता मांडली.

"हे काय मामा, चार वाजता जेवण?"

"काल तीन दहाला होतं," सर म्हणाले. "तू काल यायचं होतं."

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सरांना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावतीला जावे लागले. पिल्ले तेव्हा सतरा दिवसांची होती. एवढे वय आमच्याकडे कोणी गाठलेले नव्हते; दोन-चार दिवसांत नांग्या फुटणार होत्या. जाताना ते मला म्हणाले, "उद्या बारा वीसला. वेळेआधी नको अन् मागून नको." मी म्हटले, मला सांगायला नको. मला खरोखरच सांगायला नको होते.

अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास गोदामाच्या दारात रुखमाबाई उभी राहिली. गावातली विधवा. तिचा मुलगा, संजू, तीन वर्षांपूर्वी पूर्णेच्या पुरात वाहून गेला होता आणि सापडला नव्हता. तिच्या हातात झाकलेली पत्रावळ होती.

"भाऊ, सर हायेत का?"

"अमरावतीले गेले, डोळा दाखवाले. काय काम होतं?"

"कावळा शिवून नाई राहिला. सकाळपासून पांदीत उभी हावो. हे तिसरं साल."

"मंग गाईले घाल."

"मांगच्या साली घातलं. गायनं खाल्लं, संजू नाई जेवला."

"तुले कसं समजलं तो नाई जेवला?"

"मायले समजत नाई का?" ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून आत पाहत तिने आवाज खाली आणला. "इथं जेवतेत ना सारे? मी रोज खिडकीतून आयकतो. सर वाढतेत, सावकाश होऊ द्या मनतेत. त्यायच्यातच माह्या पोराले बी दोन घास."

मी तिला सांगितले की इथे मेलेले कोणी नाही, खेकड्याची जिवंत पिल्ले आहेत.

"कुठी हायेत? मले तं एकबी दिसून नाई राहिलं."

"लय बारीक हायेत."

"दिसत नाई, अन् जेवतेत," ती म्हणाली. "मंग माह्या संजूत अन् त्यायच्यात काय फरक हाय, भाऊ?"

वादात कोणी माझ्यापुढे जावे, हे मला सहन होत नाही. हा माझा स्वभाव आहे. मी काचेच्या भांड्यात टाकीतले पाणी घेतले, दार लोटून अंधार केला आणि भांड्याच्या तिच्याकडच्या बाजूने विजेरी लावली. पिल्ले उजेडाकडे धावतात. क्षणभरात भांड्यातले काळे ठिपके, जोडी-जोडीने, तिच्या चेहऱ्यासमोर काचेला येऊन टेकले. शेकडो डोळे. तिने चेहरा काचेच्या आणखी जवळ नेला.

"पाहून राहिले मले," ती म्हणाली.

"तुले नाई. उजेडाले पाहून राहिले."

"मी उजेडात उभी हावो ना, भाऊ."

हिला भास झाला आहे, आणि एकेक पिल्लू मोठे करून दाखवले, त्याचा काटा, त्याचे पाय, हे खेकड्याचेच आहे हे डोळ्यांनी पटवले म्हणजे ती निमूट घरी जाईल, असे मला वाटले. "थांब, तुले मोठं करून दाखवतो," असे म्हणून मी भांडे घेऊन पलीकडच्या खोलीत गेलो. सूक्ष्मदर्शक काढला. भिंग पुसले. एक पिल्लू थेंबात धरले, ते निसटले, दुसरे धरले, प्रतिमा नीट जुळवली. सात-आठ मिनिटे गेली असतील. एका निरक्षर बाईला वादात हरवण्यासाठी मी ती सात-आठ मिनिटे घालवली. भाचा म्हणतो तसा मी झोपलो नव्हतो. मी पूर्ण जागा होतो.

तिला हाक मारायला बाहेर आलो तेव्हा पत्रावळ आणि तिच्यातला खिरीचा द्रोण रिकामे होते. ती टाकीपाशी हात जोडून उभी होती आणि सरांचेच शब्द सरांच्याच चालीत म्हणत होती, "सावकाश होऊ दे, बाबू."

बारा वीस झाले होते. सगळी पिल्ले वर आलेली होती. आणि खिरीचे दूध त्या खाऱ्या पाण्यात फाटून त्याचे पांढरे पापुद्रे ओल्या कापडासारखे पसरत, गुंडाळत, पिल्लांना आपल्यात घेत तळाकडे जात होते.

मी सरांना फोन केला. त्यांच्या डोळ्यावर त्याच सकाळी शस्त्रक्रिया झाली होती.

"सर, कमी झाली."

"किती?"

"मोजायची आहेत."

मग ते म्हणाले, "पाणी बदल. येतो."

येऊ नका, असे मी म्हणायला हवे होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, शर्टाची बटणे चुकलेली. तोवर मी रात्रभर नळीने गाळ ओढून, ड्रॉपरने एकेक पिल्लू उचलून नव्या पाण्यात सोडले होते. लाख-दीड लाखांतली एकशे बेचाळीस राहिली होती. रुखमाबाई पायरीवर बसलेली होती. ती घरी गेलीच नव्हती. तिच्याविषयी मी जे बोलायचे ते बोललो. सरांनी ऐकले आणि तिच्यासमोर पायरीवर बसले.

"कोण होता?"

"माहा संजू."

"खीर आवडायची?"

"लय. तीन-तीन वाट्या."

"इथं खीर चालत नाही," ते म्हणाले. "इथलं जेवण निराळं. रोज येत जा. मी सांगीन तेव्हा, सांगीन तेवढं वाढ. दुसरं काही आणू नको."

मी त्यांना आत नेऊन म्हणालो, "सर, ती समजते की तिचा मुलगा जेवतो आहे. तुम्ही तिची समजूत पक्की करत आहात."

"अन् तुझी काय समजूत आहे?"

"की ही खेकड्याची पिल्ले आहेत."

"अजून झाली कुठं खेकडे?" ते म्हणाले. "तिचाही व्हायचा आहे, आपलाही व्हायचा आहे."

ती रोज आली. आर्टेमियाने शेंदरी झालेले पाणी ती दोन्ही हातांनी मग धरून, सोवळ्यातले नेसून वाढावे तसे, न सांडता सोडत असे. पिल्लांना नांग्या फुटल्या. त्या अवस्थेत ती एकमेकांना खातात. भरपूर वाढले तर कमी खातात, एवढाच उपाय. रोज सकाळी मी मोजी. एकशे बेचाळीसची नव्वद झाली, नव्वदची एकतीस. तळाशी एकही मेलेले सापडत नसे. कवच नाही, पाय नाही. सर 'मेली' हा शब्द का वापरत नसत, ते मला तेव्हा कळले.

आणखी एक गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. रुखमाबाई ज्या बाजूला उभी राही त्या बाजूला पिल्ले जमत. तिचे लुगडे फिकट रंगाचे आहे, त्यावरून उजेड परततो, असे मी सरांना सांगितले. सरांनी खिडकीला पोते लावायला लावले आणि तिला टाकीच्या दुसऱ्या बाजूला उभे केले. दहा मिनिटांनी मी विजेरी लावली. पिल्ले सगळी तिच्या बाजूला होती.

"आता लुगड्याचं काय म्हणतोस?" सर म्हणाले. मी विजेरी विझवली.

या दिवसांत त्यांचा डोळा बिघडला. टाकीतला हात नकळत पट्टीवर जाई. पाचव्या दिवशी डोळा लाल होऊन सुजला आणि भाचा गाडी घेऊन आला.

"मामा, आत्ताच्या आत्ता चला. डोळा जाईल."

"किती उरली?" सरांनी मला विचारले.

"आठ."

"आठांना सोडून कसा येऊ?"

"तो आहे ना इथं!" भाचा माझ्याकडे हात करून ओरडला. "तुमचा विश्वासू! त्याच्या भरवशावर ठेवून आलात, काय झालं पाहिलं ना?"

"डोळ्याला काम मोजण्याचंच होतं," सर म्हणाले. "आता तो मोजतो."

भाच्याने मला बाजूला घेऊन सांगितले की मी एक शब्द बोललो तर ते येतील. ते खरे होते. मी तो शब्द बोललो नाही. आठ पिल्ले शिल्लक असताना मलाही ते तिथेच हवे होते. भाच्याच्या सगळ्या आरोपांत एवढा एक खरा आहे, आणि तो मी मान्य करतो.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी भरतीची वेळ सव्वाआठची होती. साडेसातला मी टाकीत भिंग धरले. आठांपैकी एकच उरला होता, आणि तो पोहत नव्हता. तळावर बसलेला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. नांग्या दोन, पाय आठ, पोट आत वळवलेले. मी पाहत असताना तो चार पावले आडवा चालला. हे मी पाहिले. यावर मी कोणाशीही, कुठेही वाद घालीन.

सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डावा डोळा उघडत नव्हता आणि उजव्याला दार कुठे आहे एवढेच समजे. मी सांगितले. त्यांनी उजवा तळहात पुढे केला. मी खेकडा काचेच्या वाटीत पाण्यासकट उचलला, वाटीत तो आहे हे पाहिले, खाली पांढरा ट्रे धरला आणि वाटी हलकेच त्यांच्या हातावर कलती केली. रुखमाबाई पलीकडून वाकून पाहत होती.

सरांचा हात शहारला. "चालतोय," ते म्हणाले. "अरे, आडवा चालतोय."

मी तळहाताकडे पाहिले. पाणी होते. मी भिंग घेतले. रेषांमध्ये वाळलेले मीठ दिसले, नखांत शेवाळाची हिरवी कड दिसली. वाटीत पाहिले, ट्रेमध्ये पाहिले, चादरीवर पाहिले. पुन्हा हातावर पाहिले.

"हा काय, अंगठ्यापाशी आला," रुखमाबाई म्हणाली.

"हो, अंगठ्यापाशी," सर म्हणाले. "नांगी लागते त्याची. केवढासा आहे!" त्यांच्या गालावरून पाणी वाहत होते; ते डोळ्याच्या दुखण्याचे होते की कसले, मी सांगू शकत नाही. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवले. "दिसला ना तुला?"

चाळीस वर्षांच्या ओळखीत मी या मनुष्याला एकही गोष्ट न पाहता 'पाहिली' असे सांगितले नव्हते.

"दिसला, सर."

आम्ही दोघांनी धरून त्यांना टाकीपाशी नेले. त्यांनी हात पाण्यात बुडवून बोटे पसरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "वाढ," ते रुखमाबाईला म्हणाले. तिने वाढले.

ती घरी गेल्यावर आणि सर झोपल्यावर मी टाकीतले पाणी थेंबन् थेंब बारीक जाळीतून गाळले. जाळीत तिने वाढलेले आर्टेमिया होते, दुसरे काही नव्हते. मी तेच पाणी टाकीत परत ओतले, तिच्यात मोजून शंभर आर्टेमिया सोडले आणि शेजारच्या बादलीत, त्याच पाण्यात, मोजून आणखी शंभर. दोन्हींवर काच झाकली.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला, नऊ पाचला, उघडून पाहिले. बादलीतले शंभरच्या शंभर फिरत होते. टाकीत एकही नव्हता. मी तीनदा नमुना घेतला, मग वही उघडून वेळ घातली आणि लिहिले: सगळे संपले, आणखी लागतील.